साखळीबाहेरचा गडी

मास्तरांनी माझ्या आणि तुकारामच्या एकमेकांत धरलेल्या हातांमध्ये वेताची छडी घातली आणि वर उचलली. तुकारामचा हात सुटला. माझाही.

"तू नाही," मास्तर मला म्हणाले. "तू सुटा उभा राहा."

सगळा संघ बघत होता. सराव बघायला आलेले दोन फोरमन बघत होते. मी हात चड्डीला पुसला. का पुसला, देव जाणे. घाण माझ्या हाताला नव्हती.

हुतुतूचा खेळ ज्यांनी पाहिलाय त्यांना सांगायला नको. समोरचा गडी दम घुमवत आपल्या हद्दीत आला की बाकीचे एकमेकांचे हात धरून उभे राहतात आणि त्याला घेरतात. ती साखळी. हात धरलेला असला की एकाने समोरच्याचा पाय पकडला की दुसरा पकडणाऱ्याला मागे खेचून धरतो. सातजणांच्या तीन जोड्या केल्या की एक उरतो. तो उरलेला मी. रोज मी.

कारखाना कोलशेतच्या बाजूला, खाडीच्या काठाला. देश स्वतंत्र होऊन काही वर्षं झाली होती. अस्पृश्यता कायद्याने बंद. मी कल्याणच्या महारवाड्यातला, कारखान्यात बदली कामगार. कोणी रजेवर गेला तर मला काम, नाहीतर फाटकाबाहेर बसायचं. मालकांना संघाची भारी हौस. त्यांनी ठाण्याचे एक मास्तर पगार देऊन ठेवले होते. खेळ शिकवायचा पगार घेणारा माणूस आम्ही पहिल्यांदाच बघत होतो. मास्तर ज्याला संघात ठेवतील त्याला कामावर कायम करायचं, असा शब्द होता. घरी म्हातारी आई, बायको, अंगावरचं पोर. कायम व्हायचं, एवढाच ध्यास होता माझा. म्हणून मी सुटा उभा राहत होतो.

मास्तर बोलायचे फार छान. "मैदानावर जात नसते. मैदानावर फक्त गडी असतो." असं म्हणाले की मालक मान डोलवायचे. मी मास्तरांचा हात बघत बसायचो. छडीवरून तो कधी सुटतच नसे.

एकदा धीर करून विचारलं, "मास्तर, मला साखळीत का नाही घेत?"

"अरे, चढाईचा हुकमी गडी तू. साखळीत खांदा निखळला तर संघाने काय करायचं? तुला जपतोय मी."

पटलं. खोटं कशाला बोलू, बरं वाटलं. आपल्याला कोणी जपतंय हे ऐकायची सवय नव्हती. दुसऱ्या दिवशी मैदानावर गेलो आणि सावंतला बघितलं. सावंत दुसरा चढाईवाला, वेंगुर्ल्याकडचा. तो नेहमीसारखा साखळीत उभा होता. त्याला खांदा नव्हता का?

एकदा शंका आली की डोळे स्वस्थ बसत नाहीत. मास्तर पकड शिकवायचे तेव्हा स्वतः खाली बसून गड्याचा घोटा धरायचे, त्याचा पंजा धरून बोटं कुठे हवीत ते दाखवायचे. माझी पाळी आली की उभ्यानेच छडी टेकवायचे. "इथे धर. इथे." सरावात मी चढाईला गेलो की ओरडायचे, "त्याला धरू नका, जाऊ द्या. पाय जपायचाय त्याचा." आणि सामन्यात समोरच्या संघाचे लोक माझ्यावर तुटून पडायचे. कंबर आवळायचे, मांडी धरायचे, छातीवर बसायचे. परके मला धरत होते. आपले धरत नव्हते.

तरी मन सांगायचं, आपणच वाकडं बघतोय. माणूस शिकलेला आहे, त्याचा काही डाव असेल. प्रत्येक गोष्टीला मास्तरांकडे एक कारण असायचं आणि प्रत्येक कारण खेळातलंच असायचं. त्यानेच मी जास्त हैराण व्हायचो. शिवी दिली असती तर निदान ती हातात तरी आली असती.

मग ठाण्याचा सामना आला. उजव्या कोपऱ्यातला गडी पाय मुरगळून बाहेर गेला. तुकारामचा जोडीदारच तो. त्याच्या जागी मला उभं करायचं, हे कोणालाही कळलं असतं. मास्तरांनी मला हललेलं बघितलं आणि हाताने थांबवलं. राखीव म्हणून आणलेला हिशेबखात्यातला कारकून आत पाठवला, त्याला तुकारामचा हात दिला. समोरच्यांनी त्याला असा काही धुतला की बिचारा दोनदा तोंडावर आपटला. मी एकट्याने त्यांच्या एका चढाईवाल्याचा घोटा धरला. धरलेला सोडला नाही. पण मागून खेचायला कोणी नाही, तो मला फरफटत मध्यरेषेपर्यंत घेऊन गेला आणि हात टेकवून मोकळा झाला. आम्ही हरलो.

दुसऱ्या दिवशी कँटीनमध्ये तोच विषय.

"मास्तर पुस्तकी माणूस रे," सावंत म्हणाला. "कोणाला कुठे खेळवायचं, हेच कळत नाय त्यांना."

एक फोरमन म्हणाला, "कळतं सगळं. नशीब फुटकं आपलं. कारकून बरा खेळला असता तर मास्तरांना डोक्यावर घेतलं असतं तुम्ही."

"अहो, पण कारकून कशाला? माणसं नव्हती काय?"

डोंबिवलीजवळच्या गावातला तुकाराम, आगरी, एरवी कमी बोलणारा. तो म्हणाला, "याला यकटा कशाला ठेवतान, तेच मना नाय समजत."

याला म्हणजे मला. मी समोरच बसलेलो.

पंधरावीस माणसं तिथे मास्तरांची अक्कल काढत होती. कोणी म्हणे डाव जुना, कोणी म्हणे हट्टी आहे, कोणी म्हणे मालकांना भितो. मी एकेकाच्या तोंडाकडे बघत होतो. सगळे बोलत होते आणि कोणी माझ्याकडे बघत नव्हता. तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. मास्तरांना खेळ कळतो की नाही, ही चर्चा ह्यांच्या फार सोयीची होती. त्या चर्चेत राहिलं की दुसरं काही बोलावं लागत नाही.

मी विचारलं, "तुम्हाला खरंच कळत नाही, मी एकटा का असतो ते?"



"अरे, सोड ना," सावंत म्हणाला. "खेळाचं बोलतोय आपण."

"मीपण खेळाचंच बोलतोय."

मग कोणीतरी ठाण्याच्या मैदानातल्या खड्ड्यांचा विषय काढला आणि सगळे हुश्श करून त्या खड्ड्यांत उतरले.

सुटी झाल्यावर तुकाराम माझ्यामागे फाटकाबाहेर आला. मिठागरांच्या बांधापाशी आल्यावर म्हणाला, "मास्तरानं पैल्याच दिशी सांगतलं व्हतं आमाला. तू यायच्या आधी. बोलला, गडी चांगला हाय, मालकांना पायजे. पन साखलीत नको. तुमाला आवडनार नाय."

"मग तुम्ही काय बोललात?"

"आमाला कोनी इचारलंच नाय."

"तू काय बोललास?"

"काय नाय बोल्लो."

म्हणजे शिकवायच्या आधी, माझा खेळ नीट बघायच्या आधी ठरलं होतं. आणि सगळ्या संघाला माहीत होतं. मी मात्र इतके महिने स्वतःवरच संशय घेत होतो. मला मास्तरांचा आला त्याहून जास्त राग त्या गोष्टीचा आला.

पुढचा सामना कल्याणलाच होता. माझं गाव, माझ्या वस्तीतली माणसं कडेला उभी. मास्तर गडी लावू लागले.

"मी साखळीत उभा राहणार," मी म्हणालो.

"आता मला खेळ शिकवणार तू?"

"नाही मास्तर. खेळ तुम्हाला चांगला कळतो. एकटा गडी फरफटत जातो, हे तुम्हाला कळतं. कारकून पडणार, हे कळत होतं. सगळं कळून तुम्ही हरलात. माझा हात दुसऱ्याच्या हातात देण्यापेक्षा तुम्हाला हरणं परवडलं."

मास्तर लाल झाले. पण आवाज चढवला नाही. हळूच म्हणाले, "डोकं थंड ठेव. पुढच्या महिन्यात कायम करायच्या यादीत तुझं नाव जाणार आहे. कशाला हातची नोकरी घालवतोस?"

मला आई दिसली, बायको दिसली, पोर दिसलं. नाही दिसलं असं म्हणणार नाही. मी हात पुढे केला. संघाकडे वळलो.

"ज्याला धरायचाय त्याने धरा."

सावंत चड्डीची नाडी बांधू लागला. तुकारामचा हात थोडा उचलला गेला. मग त्याने मास्तरांकडे बघितलं. हात खाली गेला.

मी कारखान्याचं बनियन अंगातून काढलं, रेषेवर टाकलं आणि मैदानाबाहेर गेलो.

संघ त्या दिवशी जिंकला. माझ्यावाचून जिंकला. अन्याय केला म्हणून कोणी हरत नाही, हे मी तिथे उभा राहून बघितलं. कायम झालो नाही. बदलीचं कामही बंद झालं. कल्याणच्या मालधक्क्यावर पोती उचलली. बायको काही दिवस बोलली नाही, आणि तिचं चूक होतं असं मला वाटत नाही.

त्या संघातली माणसं अजून कुठे ना कुठे भेटतात. चहा पाजतात. खांद्यावर हात टाकतात, आता टाकतात. आणि गप्पा रंगल्या की कोणीतरी म्हणतोच, "मास्तर तसे ग्रेट. तुझ्या बाबतीत मात्र त्यांचं चुकलंच."

मी तिथेच थांबवतो. कप खाली ठेवतो. चुकलं नाही, म्हणतो. चुकतो तो न कळून. त्यांनी ठरवून केलं, असं म्हणा. आणि आम्ही उभे राहून बघितलं, असं म्हणा. हे दोन्ही ज्याच्या तोंडून निघेल त्याच्याशी मी खेळाबद्दल हवं तेवढं बोलेन. ज्याच्या तोंडून निघणार नाही, त्याचा चहा मी पीत नाही.