उलट्या पट्ट्यांचा शुक्रवार

रंगारीकाकांच्या नाकाच्या शेंड्यावर कायम राग. बंदरावर पस्तीस वर्षं ब्रश मारला आणि तेवढीच वर्षं साहेबांशी हुज्जत घातली. निवृत्तीनंतर भांडायला कोणी उरलं नव्हतं. बंदराच्या ऑफिसात जुन्या फोटोंचं प्रदर्शन लागलंय कळल्यावर ते चुका काढायलाच गेले.

चूक तिसऱ्याच चौकटीत सापडली. एक जुनं पोस्टकार्ड. पुढे धक्का, मागे समुद्रातल्या बांधाच्या टोकावरचा, जहाजांना खूण म्हणून उभारलेला काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचा खांब, आणि खाली चिठ्ठी : ‘सुमारे पन्नास वर्षांपूर्वी’.

“सुमारे काय सुमारे?” काका कडाडले. “मी वार सांगतो!”

नोंदी ठेवणाऱ्या बाई धावत आल्या. “काका, हळू. पुरावा आहे का काही?”

“भिंतीवर टांगलाय की तुम्हीच! खालचा पट्टा बघा. पांढरा. तिथे काळाच लागतो, पांढरा भरतीच्या पाण्यानं हिरवा पडतो. एकदाच तो पांढरा झाला होता. रंगवणारा गाढव मी!”

हे त्यांनी आजवर कोणापुढे कबूल केलं नव्हतं. शनिवारी दिवस मावळताना शेवटचा, खालचा पट्टा मारून खांब संपवला, लगेच परांची उतरवली आणि मुकादमानं आईबाप काढले. पुढच्या शुक्रवारी सकाळी पुन्हा परांची बांधली, दुपारी पट्टे बदलायला घेतले. फोटोत परांची उभी आणि पट्टे अजून उलटे. म्हणजे तीच सकाळ, बेचाळीस वर्षांपूर्वीची. बाईंनी भिंग दिलं. परांचीवर टिकलीएवढा पाठमोरा माणूस, ते स्वतःच.

मग भिंग धक्क्यावर आलं आणि तिथेच खिळलं. कमरेला गुंडाळलेला सदरा, डाव्या खांद्यावर दोराचं वेटोळं. डावखुरा हमाल अख्ख्या बंदरात एकच होता. दादा, त्यांचा थोरला भाऊ.

खांब संपला त्याच्या दुसऱ्या दिवशी, रविवारी, दादा उलट्या पट्ट्यांवरून पोट धरून हसला होता. “तोंड दाखवू नकोस पुन्हा,” काका ओरडले आणि दादा घरातून गेला तो गेलाच. आठवड्यानं ऑफिसनं हजेरीपुस्तक दाखवलं : सोमवारपासून गैरहजर, काम सोडून गेला. रागावलेल्या भावाला तेवढं पुरलं. बायको टाकून पळाला, असंच ते बेचाळीस वर्षं म्हणत आले.

आणि हा इथे शुक्रवारी उभा! त्याच संध्याकाळी क्रेनची साखळी तुटून लोखंडाचा गठ्ठा धक्क्यावरून पाण्यात गेला होता. ‘कोणालाही इजा नाही’, ऑफिसनं लिहिलं होतं. दादाची टोळी दुसऱ्याच दिवशी लांबच्या बंदरावर पाठवली गेली.

“कुणाला इजा नाही! हलकटांनो, माणूस बुडवलात आणि वर पळपुटा ठरवलात!” काकांनी टेबलावर मूठ आपटली. बाईंनी कोरा कागद पुढे सरकवला. “लिहून द्या, काका. हजेरीपुस्तक खोटं ठरेल.” काकांनी लिहून दिलं, स्वतःच्या चुकीसकट.

ते तसेच तणतणत घरी आले. वहिनी खिडकीपाशी उशीच्या अभ्र्याला बटण लावत बसल्या होत्या. काकांनी एका दमात सगळं सांगितलं. ऑफिसला शिव्या घातल्या, मुकादमाच्या सात पिढ्या उद्धरल्या. “सोडत नाही मी त्यांना, वहिनी! कोर्टात खेचतो!”

वहिनींनी सुई अभ्र्यात खोचली.

“म्हणजे शुक्रवारपर्यंत ते बंदरावरच होते.”

“होय! टोळीच्या शेडमध्ये राहिला असणार. आणि हे चोर—”

“सोमवारी मी तुमच्यापुढे हात जोडले होते. म्हटलं, धक्क्यावर जाऊन बघा, तिथेच असतील, तुमची वाट बघत असतील. मंगळवारी म्हटलं. बुधवारीही.” त्यांचा आवाज एकदम चढला, या घरात तो कधी चढला नव्हता. “ऑफिसनं खोटं लिहिलं ते नंतर! आधीचे पाच दिवस तुमचे होते, भावजी. तुम्ही खांबावर चढून त्यांच्याकडे पाठ करून उभे होतात!”