कुसुमताईंचे बर्फाचे कंदील

तंबूतली मेणबत्ती पुन्हा विझली आणि माझी नात ईरा बडबडायची थांबली. आत तिच्याजवळ कुसुमताई होत्या. मी बाहेर छत्री धरून उभी.

"काडी देऊ का?" मी विचारलं.

"काडी नको. पोरीला ओढा."

त्यांचा आवाज जड झाला होता. मी तंबूची चेन ओढली. ती अर्ध्यात अडकली.

कुसुमताई सिंगापुरात, वुडलँड्सला आमच्याच इमारतीत मुलीकडे राहायच्या. त्याआधी मुलीबरोबर बरीच वर्षं स्वीडनला होत्या. तिथे हिवाळ्यात पोरं घरासमोर बर्फाचे गोळे वळतात, गोल रचतात, वर निमुळते करत नेतात आणि आत दिवा ठेवतात. इथे बर्फ कुठला? ही बाई डिसेंबरात मासळीवाल्याकडून बर्फाचा चुरा आणायची आणि इमारतीखालच्या गवतावर पोरं जमवायची.

"या मालतीबाई, गोळे वळा. लाडू येतात ना?"

"लाडवांना सुरमईचा वास येत नाही."

"मग नाक घरी ठेवून या."

कुणी कंदिलाचं वरचं तोंड बुजवलं की हातावर चापट बसे. "भोक ठेव. दिव्यालाही श्वास लागतो. दिवा विझला तर काडी मागायची नाही, आधी हवा बघायची."

"ओके लाह, आय नो," ईरा इथल्या पोरांच्या बोलीत म्हणायची.

मला पोरींच्या फ्रॉकची धास्ती वाटे. कुसुमताई मला घाबरट म्हणत. मी आगीला भीत होते, बर्फाला नाही.

इथल्या उकाड्यात दिवा लावेपर्यंत कंदिलाचं डबकं व्हायचं. ते त्यांना फार लागे. "एकदा तरी पोरांना उभा राहिलेला दाखवीन," म्हणायच्या. त्या वर्षी त्यांनी आइस्क्रीमवाल्याकडून सुक्या बर्फाचं, म्हणजे पाणी न होणाऱ्या ड्राय आइसचं, खोकं आणलं. पाऊस भुरभुरत होता, म्हणून पोरांचा खेळायचा तंबू लावला. आत अंधार हवा म्हणून चेनही लावून घेतली. बाकीची पोरं अजून यायची होती. सुका बर्फ कंदिलाभोवती रचल्यावर पांढरा धूर जमिनीवर पसरला. ईरा टाळ्या पिटत होती. कंदील उभा राहिला.

मेणबत्ती विझली, तेव्हा कुसुमताईंनी काडी मागितली. मी ती फटीतून दिली. कंदील उभा राहिल्याच्या आनंदात त्या स्वतःचाच नियम विसरल्या. पुन्हा विझली तेव्हा आठवला.

अडकलेल्या चेनमधून ईराचे हात बाहेर आले. मागून ताई लोटत होत्या. मी ओढलं. पोर गार, डोळे अर्धे मिटलेले. माझ्या ओरडण्याने माणसं धावली, त्यांनी तंबू उलटा केला. कुसुमताई कुशीवर पडल्या होत्या. शेजारी कंदील तसाच उभा होता.

सुक्या बर्फातून निघणारा वायू जड असतो, खाली साचतो, श्वासाची हवा हटवतो, असं डॉक्टर म्हणाले. आम्हा दोघींना ते ठाऊक नव्हतं.

कुसुमताई रुग्णवाहिकेतच गेल्या. ईरा जगली.