चौथं वाक्य

हैदराबादेत तारनाक्याच्या त्या रेल्वे क्वार्टरमध्ये भुताचं नाव काढायची सोय नव्हती. बौद्ध धम्माची दीक्षा घेतली त्याच वर्षी विठाबाईंनी देव्हाऱ्यासकट सगळी भुतंखेतं घराबाहेर काढली होती. आणि त्यांची नात पिंकी मात्र दोन हजार चार साली सिकंदराबादच्या एका कंपनीत भुताशी गप्पा मारायचा पगार घेत होती. नशिबाची थट्टा म्हणावी, तर या घरात नशीबही कुणी मानत नसे.

काम म्हणजे कॉम्प्युटरवरचा खेळ तपासायचा. खेळाचं नाव 'बारव'. एक वाटसरू उजाड गावात येतो आणि पायऱ्यांच्या विहिरीत त्याला एका बाईचं भूत भेटतं. हातात तलवार नाही, बंदूक नाही; जे करायचं ते बोलून. भूत बोललं की खाली तीन वाक्यं उमटतात, त्यातलं एक निवडायचं, आणि जसं बोलाल तशी गोष्ट पुढे सरकते. पिंकी हा खेळ दिवसातून दहादा खेळायची आणि दोन रकाने भरायची: जमलेलं आणि फसलेलं. जमलेलं पुष्कळ होतं. बोलण्याआधी भूत घेई तो श्वास, मधली शांतता, पाण्याचा आवाज; अंगावर काटा यायचा. फसलेलंही कमी नव्हतं. वाटसरू म्हशीसारखा रेंगाळत चाले. संवाद सुरू झाला की खेळ मध्येच बंद करता येत नसे, एक वाक्य निवडावंच लागे. आणि मुख्य म्हणजे ही बाई भूत का झाली, ते खुद्द खेळ करणाऱ्यांनाच ठाऊक नव्हतं.

"इसकी कुछ तो कहानी होना," टीमचा प्रमुख सुरेश बैठकीत म्हणाला.

पिंकी सहा महिन्यांच्या उमेदवारीवर होती, तिला साहेबाच्या नजरेत भरायचं होतं. तिनं घरातली गोष्ट सांगून टाकली. सोजर, आजीची थोरली बहीण. परभणीकडच्या खेड्यात यांच्या जातीच्या माणसांना बारवेत उतरायची बंदी. वर ओंजळ धरून उभं राहायचं, कुणी ओतलं तर प्यायचं. एका उन्हाळ्यात चौदा वर्षांची सोजर वाट बघून थकली आणि सरळ पायऱ्या उतरली. आठ वर्षांच्या विठाबाई घागर धरून वरच उभ्या होत्या. सोजरला बेदम मारलं, आणि दुसऱ्या दिवशी ती पाण्यात सापडली. तिला ढकललं कुणी, हे गावात कुणी विचारलं नाही. उलट तिची हडळ झाली अशी आवई उठवली आणि घरच्यांना गाव सोडायला लावलं.

"जबरदस्त है," सुरेश म्हणाला. पिंकी त्या दिवशी हवेत होती. आपण काय देऊन बसलो, हे कळायला तिला तीन आठवडे लागले.

खेळाच्या नव्या आवृत्तीत ओंजळ होती, अगदी हुबेहूब. पण भूत आता प्रेमात फसून जीव दिलेल्या बाईचं होतं, सूड घ्यायला टपलेलं. तिच्यासमोर वाटसरूला तीन वाक्यं: 'निघून जा', 'मी मंत्र म्हणतो', 'हे घे गंगाजल'. पिंकीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. फसलेल्याच्या रकान्यात तिनं लिहिलं, चौथं वाक्य हवं: 'तुला कुणी मारलं?'

सुरेशनं तिला बोलावून घेतलं. "कायकू दिमाग खराब कर लेरी, पिंकी? लोगां डरने कू आते, पूछने कू नै. आवाज की रिकॉर्डिंग भी हो गई. वो लाइन निकाल दे. परसों तेरा परमनेंट का लेटर है."

पिंकीनं ओळ खोडली. कुणी तिचा हात धरला नव्हता. तिनंच, स्वतःच्या बोटानं. लेटर आलं तेव्हा बापानं, रेल्वे वर्कशॉपमधल्या दौलतनं, शेजाऱ्यापाजाऱ्यांत पेढे वाटले. पिंकीनं आपला पेढा डब्यात परत ठेवला.

खेळ गाजला. हैदराबादच्या कोठी बाजारातल्या दुकानांत सीडी लागली. एका वर्तमानपत्रानं लिहिलं, चाल जरा मंद आहे, पण भूत अगदी खरं वाटतं. वाटणारच की! मेली होती ती पोरगी खरीच होती.

रविवारी दुपारी विठाबाई हट्टाला पेटल्या. "पोरगी हापिसात करती तरी काय, दाव मला." पिंकीनं टाळून पाहिलं, पण दौलतनं हौसेनं घरातल्या कॉम्प्युटरवर खेळाची सीडी लावलीही. बारव आली, पायऱ्या आल्या, आणि वरच्या पायरीवर ओंजळ धरलेली ती.

विठाबाई खुर्चीवरून उठल्या आणि पडद्याला नाक लागेल इतक्या जवळ गेल्या. भूत त्या मानत नव्हत्या. बहीण मात्र त्यांनी ओळखली.

"सोजर हाय ही," त्या म्हणाल्या. त्यांचा आवाज आठ वर्षांच्या पोरीसारखा झाला होता. "इचार तिला, पिंके. कुणी ढकललं, इचार."

खाली तीन वाक्यं उमटली होती.

"तसं विचारता येत नाही, आजी. तेवढीच तीन आहेत."

"तवाबी कुणी इचारलं नव्हतं." विठाबाई वळल्या. "बंद कर ते."

बंद करायचं तर एक वाक्य निवडणं भाग होतं. मंत्र नाही, गंगाजल नाही. निदान या घरात नाही. पिंकीनं पहिलं दाबलं, 'निघून जा'. सोजरनं ओंजळ सोडली आणि मुकाट्यानं पाण्यात उतरली.