मामांचा राजीनामा

मामी फोनवर आधी जेवलास का विचारते, मग कामाचं बोलते. त्या दिवशीही तिनं तेच विचारलं. मी गुरुग्रामच्या ऑफिसात होतो, समोर कुठल्याशा शहराच्या पाणीपुरवठ्याचा अहवाल उघडा होता. "जेवलो," म्हणालो. "मग निघ," ती म्हणाली. "हे गेले."

त्याला सहा आठवडे झाले. हे आधीच लिहायला हवं होतं. पण मामांविषयी लिहायला बसलं की माझी चिडचिड होते, आणि गेलेल्या माणसाविषयी चिडून लिहिणं बरं नव्हे असं वाटून मी वही मिटत होतो... चीड त्यांच्यावर नाही, एवढं आता कळलंय.

मामा, म्हणजे अरविंद पुराणिक, दिल्लीतल्या एका मोठ्या सरकारी रुग्णालयात रक्ततपासणीच्या लॅबमध्ये तंत्रज्ञ म्हणून लागले आणि त्याच लॅबचे प्रमुख होऊन बाहेर पडले. मी लातूरहून यूपीएससीसाठी आलो, तेव्हा पहिलं वर्ष त्यांच्या मयूर विहारच्या घरी काढलं. परीक्षा काही झाली नाही, तरी मामा मला 'कलेक्टर'च म्हणत राहिले. पुढे मी एका सल्लागार कंपनीत अहवाल तपासायची नोकरी धरली तेव्हा म्हणाले, "चला, कलेक्टर नाही तर कलेक्टरला शहाणपण शिकवणारा तरी झालास." आमच्या कंपनीच्या बहुतेक अहवालांचा शेवट एकच असे: ही सेवा खासगी हातात द्यावी. त्यामुळे रविवारी मामांकडे जेवायला गेलो की वरणभाताबरोबर भांडण ठरलेलं. त्यांच्या लॅबमधलं मोठं मशीन कितीतरी महिने एका सुट्या भागासाठी बंद होतं. तो भाग मागवायची फाइल या टेबलावरून त्या टेबलावर फिरत होती, आणि पेशंट नळ्या हातात धरून गेटबाहेरच्या खासगी लॅबमध्ये जात होते. मी म्हणायचो, "मामा, सरकार सरकारसारखं चालतं हेच तर दुखणं आहे. देऊन टाका ना कुणाला तरी." त्यावर एकदा ते भडकले. "छत गळतं म्हणून घर दुसऱ्याला देऊन आपण फुटपाथवर झोपतो का रे? छत दुरुस्त करतो ना?"

छत दुरुस्त करायचा त्यांचा बेत तीन पानांचा होता. सुटे भाग घ्यायचा अधिकार लॅबला द्या, संध्याकाळची दुसरी पाळी सुरू करा, रिपोर्ट किती वाजता मिळेल ते पेशंटला आधी सांगा आणि ती वेळ पाळा. एवढंच. हिंदीतला कच्चा मसुदा त्यांनी मला वाचून दाखवला होता. मी लक्ष देऊन ऐकला नाही, हे आता लिहून ठेवतो. वरिष्ठांनी ती पानं 'विचाराधीन' ठेवली. युनियनला दुसरी पाळी नको होती. युनियनचे सेक्रेटरी चौधरीजी त्यांच्याच लॅबमध्ये अटेंडंट होते, रोज एका टेबलावर डबा खायचे, पण पाळीचा विषय निघाला की म्हणायचे, "पुराणिक साब, आप तो हमें मरवाओगे." सगळेच अडून बसले आणि मधल्या मध्ये वरून सोपा उपाय आला: लॅब ठेक्यावर द्यायची.

ठेक्याविरुद्ध युनियनची सभा झाली, त्या संध्याकाळी मामा खुशीत होते. "आज सगळ्यांसमोर सांगून आलो," म्हणाले. "ठेका आला तर राजीनामा. आता हे लोक माझी पाळीही मान्य करतील बघ." दुसऱ्या दिवसापासून डब्याच्या टेबलावर त्यांच्याजवळ कोणी बसेना. चौधरीजी वाट बदलून जायला लागले. मामांनी मला विचारलं होतं, "मी काय वाईट बोललो रे?" मी म्हणालो, युनियनवाले असेच असतात... ठेका आला, मामांनी शब्दाप्रमाणे मुदतीआधी निवृत्ती घेतली. निरोपाचा चहासुद्धा झाला नाही.

नव्या कंपनीचे रिपोर्ट वेळेवर येतात. मामा ते नाकारत नसत. "येतात ना. मग हेच आम्हाला का नाही करू दिलं?" असं विचारत. एकदा शेजारच्या बाईंच्या नातवाच्या प्लेटलेटचा आकडा त्यांना खटकला. पुन्हा नमुना घ्या म्हणून सांगायला त्यांनी कंपनीला फोन लावला. सकाळभर रेकॉर्ड केलेली बाई त्यांना एक दाबा, दोन दाबा सांगत होती. त्यांच्या वेळी ते स्वतः जिना चढून वॉर्डात जात असत.

मामा जाऊन तीन आठवडे झाल्यावर चौधरीजी भेटायला आले. मामीनं पाणी दिलं. थोडा वेळ इकडचं तिकडचं झालं आणि ते मान खाली घालून म्हणाले, "बुरा मत मानना भाभीजी, आदमी बहुत अच्छे थे. पर राजीनामे वाली बात दिल में रह गई."

"कौन सी बात?" मी विचारलं.

"भरी सभा में बोले, ठेका आया तो मैं राजीनामा दे दूंगा. हम लड़ने बैठे थे, और ये पहले से राज़ी. फिर आराम से रिटायरमेंट लेकर निकल भी गए."

मला समजायला एक क्षण लागला. त्यांच्या हिंदीत कोर्टातली तडजोड झाली, दोन्ही पक्ष राजी झाले, की राजीनामा होतो. मामा नोकरी सोडायचं म्हणत होते आणि सभेनं ऐकलं की यांची ठेक्याला संमती आहे.

"चौधरीजी, मराठी में राजीनामा मतलब इस्तीफा," मी म्हणालो.

त्यांनी झटकन मान वर केली. "इस्तीफा?" मग मामीकडे वळून, "तो इस्तीफा बोलते ना, भाभीजी."

मामी मला मराठीत म्हणाली, "चौतीस वर्षं दिल्लीत काढली. भाजीवाल्याशी हिंदीत भांडायचे. पण चिडले की तोंडातून लातूरच बाहेर यायचं."

सभेच्या दिवशीच खरा अर्थ कळला असता तर लॅब वाचली असती का, मला माहीत नाही. बहुतेक नसती. ठेका ठरलेलाच होता, आणि पाळीवरून हे दोघे पुन्हा भांडले असते. पण एका टेबलावर बसून भांडले असते... माणूस ज्यांच्यासाठी नोकरी सोडून गेला, त्यांच्या लेखी तो फितूर म्हणून गेला, आणि का ते त्याला कधीच कळलं नाही. आम्ही अहवालांत लिहितो की अशा संस्था आतून सुधारत नाहीत. आतून सुधारू बघणाऱ्याचं काय होतं, याला आमच्या अहवालात रकाना नाही.

चौधरीजींनी विचारलं, "वो पाली वाला काग़ज़ है क्या घर में?" मामीनं मामांच्या खोलीतल्या कपाटातून ती तीन पानं आणून दिली. आता वाचून काय उपयोग, हे माझ्या ओठांवर आलं होतं. ते मामांच्या टेबलाशी जाऊन बसले, चष्मा लावला आणि ओळीवर बोट ठेवून वाचू लागले. दुसऱ्या पानावर थांबले. "मशीन का नहीं, मशीन की," स्वतःशीच म्हणाले, टेबलावरचं पेन उचलून 'का' खोडला, वर 'की' लिहिलं आणि पुढे वाचत राहिले.