मथुराबायचं पहिलं कालव

मथुराबाय पाटी उतरवायची, एक कालव फोडायची आणि माझ्याकडे बघत स्वतःच्या तोंडात टाकायची. मग म्हणायची, "माझे तोंडान गेला, आता तुझे तोंडान जाऊ दे." हे झाल्याशिवाय प्रभादेवीच्या आमच्या चाळीत तिनं एकाही दारात कालवं विकली नाहीत. तिच्या सासूनं घालून दिलेली ही रीत. मी तेव्हा नवी नवरी. कच्चं कालव गिळणारी बाई पाहून पहिल्या दिवशी मी पदर तोंडाला लावला, आणि ते बघून ती पोट धरून हसली.

ती कोळीवाड्यातली विधवा. मुलगा होडीवर, घरी सून रखमा. वस्तीमागचा ओहोळ समुद्राला मिळतो तिथल्या खडकांवरची कालवं ती ओहोटीला काढायची आणि त्याच ओहोळात धुवायची.

ओहोळाच्या वरच्या अंगाला खाजणाच्या दलदलीत शहराचा कचरा आणून टाकत; भराव घालून जमीन करायची होती. रंगाचे डबे, जुन्या बॅटऱ्या, गंजका पत्रा, काय वाट्टेल ते त्यात असे. ढिगाखालून काळं पाणी झिरपून ओहोळात उतरे. एका वर्षी पावसाळा सरला आणि कालवांचा गर हिरवा निघू लागला. कोळीवाडा खूश झाला. हिरवं म्हणजे चांगलं भरलेलं, अंगाला लागणारं, असं सगळ्यांनी धरलं. रखमाला दिवस गेले होते. मथुराबायनं तीच कालवं तिला आग्रह करकरून खाऊ घातली.

रखमाचं बाळ जन्मलं ते रडलंच नाही. डॉक्टरांना कारण सांगता आलं नाही.

त्यानंतर मथुराबाय माझ्या दारी आली तेव्हा कालव फोडून तोंडात टाकलं आणि तशीच थांबली. मग तळहातावर थुंकली. "कळकलंय," म्हणाली. कल्हई उडालेल्या पितळी भांड्यात ताक राहिलं की येते, तीच चव. मीही जिभेला लावून पाहिलं. तिला ती चव आधीही लागली होती, पण हिरव्या कालवाची चव अशीच असेल म्हणून तिनं गिळली होती. हे सांगताना तिचा आवाज इतका खाली गेला की मला तिच्याकडे बघवेना. पाटी उचलून तिनं सगळी कालवं गटारात ओतली. पुन्हा विकली नाहीत.

आमचे हे संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत आकंठ बुडालेले. मथुराबायही शिवाजी पार्कच्या सभांना घसा बसेपर्यंत घोषणा देऊन यायची. तिनं यांना दारातच गाठलं आणि कचरा थांबवायला सांगा म्हणाली. आधी मुंबई तर मिळू दे, हे म्हणाले, ओहोळाचं मग बघू.

"मुंबय आपली, तर पानी पन आपलाच ना? मंग 'मंग' कनाला?"

हे चपला घालून सभेला निघून गेले.

विकणं सुटलं, पण ओहोटीला जाऊन एक कालव चाखणं तिनं सोडलं नाही. हात थरथरू लागले, अन्न जाईना, तरी जायची. मी रागावले, तर म्हणाली, पाणी सुधारलं की नाही ते चाखल्याशिवाय कळणार कसं? मला वाटतं, ती स्वतःला शिक्षा करत होती.

मुंबईसह महाराष्ट्र झाला त्या दिवशी मी तिला पेढा घेऊन गेले. बाहेर ढोल वाजत होते. ती अंथरुणावर. पेढा तिनं उशाशी ठेवला आणि रखमाकडे हात पसरला. रखमानं खडकावरून आणलेलं एक कालव त्यावर ठेवलं. मथुराबायनं ते बराच वेळ जिभेवर धरलं.

"अजून कळकतंय, वैनी," ती म्हणाली. पेढा तसाच राहिला. पावसाळ्याआधी ती गेली.

पाटी रखमाच्या डोक्यावर आली. ती बोंबील विकायची. एकदाच तिनं कालवं आणली. लांबच्या खाडीतली आहेत, चांगली आहेत, म्हणाली. मी सवयीनं दारात उभी राहिले, ती एक फोडून तोंडात टाकेल म्हणून. रखमानं एक कालव हातात घेतलं, फोडलं, आतला गर बघत राहिली. मग ते न चाखताच पाटीत ठेवून पाटी डोक्यावर घेतली आणि जिना उतरली. मी तिला परत बोलावलं नाही.