तानूबाईची पेज

आटपाडीजवळच्या वाडीतल्या तानूबाईवर अन्याय झाला तो गेल्या चंपाषष्ठीला. दूध, तूप, मांस सोडा असे सांगणारी आमच्या मंडळाची पुस्तिका त्या दिवशी जत्रेत तिच्या दिराने, बिरूने, तिचे पोट फुगते म्हणून घेतली. फाल्गुनात त्याचा निरोप आला : बाईचे पाय गेले, येऊन बघा. पुस्तिका वाटणाऱ्यांत मीही होतो. निघालो.

साताऱ्याहून कोळशावर चालणारी मोटार मिळाली. लढाईमुळे पेट्रोल नाही. म्हसवडच्या अलीकडे ती चढणीला थांबली, उतारूंनी ढकलली. हात काळे झाले. पुढे दोन्ही बाजूंना उघडा माळ, मधूनच बाभळी, मेंढरांची धूळ.

वाडीत पोचलो तेव्हा बिरू दारातच होता.

"या सातारचं पावणं! तुमच्या पुस्तकाला पाय फुटलं, आन् आमच्या वैनीचं ग्येलं."

तानूबाई भिंतीला टेकून बसली होती. पावले सुजलेली. मेंढरांमागे दिवसभर चालणारी बाई ती. आता परसात जायलाही जाऊबाईचा खांदा लागतो.

"दूध सोडलं तवा पोट लय हलकं झालं," ती म्हणाली. "दुधानं कायम फुगायचं. खोटं कशाला बोलू? पन नंतर तळव्याला मुंग्या आल्या, त्या गेल्याच न्हाईत."

जेवायला मला बाजरीची भाकरी, शेंगदाण्याची चटणी आणि हुलग्याचे माडगे (कुळथाच्या पिठाची पातळ आमटी) वाढले. दुधातुपाचा थेंब त्यात नव्हता. तानूबाईच्या पुढे मात्र पांढऱ्या तांदळाची पेज आणि मीठ.

"हिला भाकरी का नाही?"

"आवं, तुमीच लिवलंय न्हवं, पथ्य पाळा म्हनून?" बिरू चिडला. "पथ्य म्हंजी पेज. भाकरी खाऊन कुनी पथ्य करतंय व्हय? गिरणीचा तांदूळ मुद्दाम सांगलीहून आनला, काळ्या बाजारात!"

मी पुस्तिका उघडली. पहिल्याच पानावर छापले होते : 'हे पथ्य निष्ठेने पाळावे.' काय सोडायचे याची यादी पानभर. काय खायचे, त्याला एक ओळ, तीही संस्कृतात. या घराने चूक केली नव्हती. आजाऱ्याच्या पथ्याचा त्यांना माहीत असलेला अर्थ निष्ठेने पाळला होता.

दुसऱ्या दिवशी विटा, तासगाव करत आम्ही तिला सांगलीला नेले. डॉक्टरांनी नडगीवर अंगठा दाबला. खळगा तसाच राहिला.

"दूध सोडल्याने हे झालं नाही. गिरणीत कोंडा काढलेल्या सडीक तांदळाच्या नुसत्या पेजेवर ठेवलंत तिला, त्याने झालं. भाकरी, डाळी, कोंडा पोटात जाऊ द्या."

"मग दुधाशिवाय चालेल?" मी विचारले.

"सध्या चालेल. वर्षानुवर्षं चालेल असं मी छातीठोक सांगणार नाही. जीभ सोलल्यासारखी झाली, पाय पुन्हा बधिर झाले, तर लगेच आणा. तुमच्या पुस्तकात हे आहे का?"

नव्हते.

डॉक्टरांनी जीवनसत्त्वाची सुई टोचली, आणि बिरूच्या ओळखीच्या घरी आम्ही मुक्काम केला. बाराव्या दिवशी तानूबाई कृष्णेच्या घाटापर्यंत एकटी चालत गेली. सूज उतरली होती. बधिर डाव्या तळव्याला मात्र अजून वाळू लागत नव्हती.

"लागंल कवातरी," ती म्हणाली. "पन मेंढरं थांबत्यात व्हय माझ्यासाठी?"

आगगाडीने साताऱ्याला परतलो. मंडळाचे चिटणीस म्हणाले, "खेडवळांना वाचता येत नाही, त्याला आपण काय करणार?" मी म्हटले, त्यांना वाचता येते, आपल्याला लिहिता येत नाही. दुधावाचून माणूस सुखाने जगतो असे मला आजही वाटते. पण पोटभर खाल्ले तर.

ती पुस्तिका तुमच्या घरी असेल, तर आज उघडा. 'पथ्य' या शब्दावर काट मारा. शेजारी ठळक लिहा : भाकरी, डाळ, हुलगा, शेंगदाणे, पालेभाजी, पोटभर, पायाला मुंग्या आल्या तर डॉक्टर. आणि ती तुम्ही आणखी कुणाला दिली असेल, तर त्या घरी स्वतः जा आणि चुलीवर काय शिजते आहे ते बघून या.