पारव्याचा रस्सा

आमच्या घरात स्वयंपाकाच्या दोन जागा होत्या. आतला ओटा माझा, आणि मागं पेरूच्या झाडाखाली तीन विटांची चूल ह्यांची. मी माळकऱ्यांच्या घरातली. लग्नात गळ्यात मंगळसूत्र आलं तरी तुळशीची माळ काही उतरली नाही. हे वडूजकडचे, आणि तिकडं विहिरीच्या कपारीतला पारवा शिजला की तो सणाचा दिवस. लग्न जुळवताना ही गोष्ट कुणी कुणाला विचारली नाही. मग आम्हीच तह केला. पाखरू घरात आणायचं नाही, त्याचं जर्मनचं पातेलं घरात आणायचं नाही, आणि मी नावं ठेवायची नाहीत. यातली शेवटची अट मी कधी पाळली नाही.

हे कुपवाडला एका छोट्या कारखान्यात लेथवर होते. सुट्टीला गावी गेले की दिवस मावळताना धाकट्या भावाला घेऊन विहिरीवर जायचे. तोंडावर जाळं पसरायचं आणि काठावरून टाळी वाजवायची. आत बसलेले पारवे फडफडत वर उठायचे ते थेट जाळ्यात. दोन-चार घेऊन इथं यायचे, मग पेरूखाली बसून पिसं काढणं, कडब्याच्या जाळावर भाजणं, हळद चोळणं, निखाऱ्यावर कांदा-खोबरं, सगळं स्वतःच्या हातानं. मी खिडकीतून म्हणायचे, "एवढ्या कष्टात परसात वांगी लावली असती तर वर्षभर भाजी पुरली असती." हे हसायचे. "तुला काय ठावं त्याची चव!" म्हणायचे. ते मात्र खरं होतं.

चौऱ्याण्णव-पंच्याण्णव साल असेल. कामावर जायला शर्ट घालताना ह्यांचा डावा हात बाहीत गेला आणि तिथंच राहिला. अंगावरून वारं गेलं. सांगलीच्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, व्यायाम शिकवला आणि "बघू" म्हणाले. हळूहळू पाय ओढत चालायला लागले, बोलणंही सुधारलं, पण हात हलेना. लेथला तर दोन्ही हात लागतात. कारखान्याचा मालक भला माणूस. म्हणाला, हात येईपर्यंत तुमची जागा ठेवतो. त्या दिवसापासून आमचं सगळं त्या एका हातावर येऊन ठेपलं.

जो बघायला येई तो एकच सांगे, "वारं गेलंय न्हवं? मग पारवा द्या. लय गरम असतो." डॉक्टरांना जे उमजत नव्हतं ते आमच्या अख्ख्या गल्लीला ठाऊक होतं. मी चिडायचे, आणि रात्री पडल्या पडल्या तेच घोळवायचे. शेवटी पेरूखालचं पातेलं घासून आत आणलं. देव्हाऱ्याचं दार लावलं आणि पांडुरंगाला म्हटलं, थोडा वेळ बघू नकोस.

दीर दर आठवड्याला एस्टीनं पारवे आणून द्यायचे. मधल्या खोलीत हे कॉटवर पडून सांगायचे आणि आत मी हात धुऊन धुऊन शिजवायचे. "जंगली पाखरू हाय, चिवट असतंय, गडबड करू नगंस." मीठ किती तेही तिथूनच सांगायचे, कारण मी काही चाखून बघणार नव्हते. पुढं पुढं त्या रश्शावर माझा हात बसला. रोज सकाळी विचारायचे, "काही हललं का?" हे मान हलवायचे. "न्हाई गं." मला रागच यायचा, जणू काही हे मुद्दाम हलवत नव्हते.

एकदा दीर रिकाम्या हातानं आले. उंबऱ्यावरच बसले. "वैनी, पाणी आटलं म्हणून हिरीचं काम काढलं. सुरुंग उडवलं, आन् पारवं उठून गेली ती परत आलीच न्हाईत. लय हिंडलो आवं." हे आत झोपले होते. मी म्हटलं, "भावजी, ह्यांना यातलं काही बोलू नका."

दुसऱ्या दिवशी मी ब्रॉयलर कोंबडी आणली. पारव्याचं मटण लालकाळं, रस्सा काळपट. कोंबडी पांढरीफटक. मग खोबरं अगदी कोळसा होईपर्यंत भाजलं, वाटून घातलं, हाडं काढून टाकली. रंग हुबेहूब आला. ह्यांनी वाटी तोंडाला लावली, जरा थांबले, माझ्याकडं बघितलं. मग सगळी संपवून पुढं केली. "अजून हाय का गं?"

त्यानंतर थोड्याच दिवसांत चमत्कार झाला. सकाळी मी विचारायच्या आतच हे म्हणाले, "हे बघ." वाकळेखाली डाव्या बाजूला काहीतरी हळूच वर उचललं गेलं आणि खाली आलं. मी देवापुढं साखर ठेवली, शेजारी-पाजारी वाटली. कोंबडीनं का होईना, गुण आला! रोज सकाळी वाकळ हलायची. माझा जीव सुपाएवढा झाला. ह्यांना न विचारता मी मालकाला निरोप धाडला, येऊन बघून जा.

मालक आला, खुर्चीवर बसला. म्हणाला, "नुसता उचलून दाखवा, बाकी सावकाश होईल." हे माझ्याकडं बघत राहिले. वाकळ हलली. मालकाला नीट दिसावं म्हणून मी ती ओढून बाजूला केली. आत ह्यांनी उजव्या हातानं डाव्या हाताचं मनगट धरलं होतं.

मालकानं खाली मान घालून चहा संपवला आणि "काळजी घ्या" म्हणून तो गेला. यापुढं त्या लेथवर दुसरा माणूस उभा राहणार हे तिघांनाही कळलं होतं.

मी भडकले. "साखर वाटली मी गल्लीत! मला फसवलंत?"

"आन् तू गं? पारवं कुठल्या हिरीतनं आणतीस?" हे शांतपणे म्हणाले. "पयल्या घोटालाच कळलं मला."

"मग बोलला का नाहीत?"

"तू लय आशेनं करत हुतीस. म्हटलं, दोघातल्या एकाला तरी गुण येऊ दे."

मला रडू आलं नाही. रागही कुठं गेला कुणास ठाऊक. आत जाऊन भांडी आवरायला घेतली. हात काही आला नाही. पुढंही कधीच आला नाही. पातेल्यात सकाळचा रस्सा तळाशी उरला होता. गळ्यात माळ असताना मी त्यात बोट बुडवलं आणि जिभेला लावलं.

कडूजहर होतं. रंग यावा म्हणून मी जे खोबरं जाळत होते, त्याचा सगळा कडवटपणा त्यात उतरला होता. हे तो रोज तळापर्यंत प्यायचे आणि वाटी पुढं करून विचारायचे, "अजून हाय का गं?"